बॅकअप घेतलाय खरा, पण तो परत येतो का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कृष्णाकाठच्या एका गावातल्या पन्नाशीच्या ताईंनी लिहिलं आहे. त्या घरीच डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे प्रबंध. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं आणि जुन्या संगणकाबरोबर नऊ वर्षांचं काम गेलं. आता विंडोज 10 चा संगणक आहे. त्यात कामाच्या फायली आहेत, घरचे फोटो आहेत आणि सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. माळ्यावर होत्या म्हणून पुरातून वाचलेल्या 40 कॅसेटी मिस्टरांनी गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेतल्या. सासूबाई आता नाहीत. एकूण 380 जीबी भरलं आहे. भावाने दिलेली 1 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, ती ‘कायम मागे जोडलेलीच असते, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.’ पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळं गूगल ड्राइव्हवर टाक, मिटलं. भाचा एका नावाजलेल्या विकतच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन आलाय. फुकटच्या सॉफ्टवेअरवर ताईंचा विश्वास बसत नाही आणि विकतच्याला दर वर्षी पैसे. त्या विचारतात, ‘एकदाच काय ते भरवशाचं सॉफ्टवेअर सांगा, म्हणजे मी कायमची निर्धास्त होईन.’

ताई, नमस्कार.

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक काम आज रात्रीच करा. काम आटोपलं की ती हार्ड डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढा आणि कपाटात ठेवा. विसरू नये म्हणून ती जोडून ठेवायची, हे मला समजतं. मीही बरीच वर्षं तसंच करत होते. पण जोडलेली डिस्क संगणकाच्याच नशिबाला बांधलेली असते. वळवात वीज कडाडली, व्होल्टेज चढलं, एखादा व्हायरस शिरला किंवा पाणीच आलं, तर दोन्ही एकदम जातात. बॅकअपची प्रत जितका वेळ संगणकापासून सुटी, तितका वेळ ती सुरक्षित.

आता तुमचा मूळ प्रश्न. भरवशाचं सॉफ्टवेअर कोणतं? मला येणाऱ्या दर चार पत्रांतलं एक तरी असंच असतं आणि प्रत्येकात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सॉफ्टवेअर चांगलं म्हणजे प्रत चांगली घेणारं. प्रत घेणं तसं सोपं काम आहे, बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ते नीट करतात. घोळ होतो तो परत आणताना. आणि परत आणायची वेळ येते ती नेमकी संगणक गेलेला असताना, हातपाय गळालेले असताना.

माझ्या घरचं सांगते. आमच्या संगणकावर दुकानातल्या मुलाने एक चांगलं, विकतचं बॅकअप सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. रोज रात्री साडेदहाला ते चालायचं आणि कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण यायची. चौदा महिने मी ती खूण बघून झोपले. मग एका सकाळी संगणकाची डिस्क टक् टक् आवाज करत बंद पडली. नवी डिस्क बसवली, बॅकअप जोडला, ‘रिस्टोअर’ दाबलं आणि पडद्यावर एक चौकोन आला: पासवर्ड. बसवताना त्या मुलाने काळजीपोटी एन्क्रिप्शन, म्हणजे फायली पासवर्डने कुलूपबंद करायची सोय, चालू करून स्वतःच्या मनाने पासवर्ड टाकला होता. तो दुकान सोडून गेला होता. फोन लागला तेव्हा बिचाऱ्याने आठवतील ते सगळे पासवर्ड सांगितले, एकही लागला नाही. सगळ्या प्रती शाबूत होत्या, फक्त उघडत नव्हत्या. त्यात आईची शेवटची दिवाळी होती. फराळाच्या ताटासमोर बसलेली आई, मागे आकाशकंदील. त्या चौदा महिन्यांत मी एकदाही, एक फोटोसुद्धा परत काढून बघितला नव्हता. त्या चौकोनाची आठवण आली की अजून पोटात खड्डा पडतो, म्हणून हे इतकं पोटतिडकीने लिहितेय.

आणि हे फक्त घरगुती लोकांचं होत नाही. गिटलॅब नावाची मोठी सॉफ्टवेअर कंपनी आहे. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका कर्मचाऱ्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपसाठी पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. त्यातली एकही वेळेला धड उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप कितीतरी दिवस अयशस्वी होत होता आणि ‘झाला नाही’ असं कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी एका माणसाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत सापडली म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना जाहिरातीतली यादी बाजूला ठेवा आणि मी जे तीन प्रश्न विचारते ते विचारा. हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं किंवा हाताशी नसलं, तरी माझ्या फायली कुठल्याही संगणकावर उघडतील का? एखादी फाइल आज बिघडली आणि मला ते दोन महिन्यांनी कळलं, तर दोन महिन्यांपूर्वीची प्रत त्यात असेल का? आणि बॅकअप झाला नाही तर ते मला ठळकपणे सांगतं का? यातला पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण तुमच्या ‘कायमची’ या शब्दाला आधार नाही, ताई. घरगुती वापरासाठी जगभर नावाजलेलं मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री हे फुकटचं सॉफ्टवेअर 2024 च्या सुरुवातीला कंपनीने बंद केलं. क्रॅशप्लॅन ही पैसे देऊन घ्यायची सेवा. लोक तिच्यावर वर्षानुवर्षं विसंबून होते. ऑगस्ट 2017 मध्ये कंपनीने घरगुती योजना बंद करत असल्याचं कळवलं आणि ऑक्टोबर 2018 पर्यंत ती गेलीसुद्धा. म्हणजे फुकटचं गेलं आणि विकतचंही गेलं. पैसे मोजले म्हणजे भरवसा विकत मिळाला, असं होत नाही. उलट फुकट म्हणून नाक मुरडायचंही कारण नाही. तुमच्या विंडोजमध्येच ‘फाइल हिस्टरी’ नावाची सोय आहे. तुमच्या कामासाठी माझं पहिलं मत तिलाच आहे. का ते पुढे सांगते.

भाच्याने आणलेल्या प्रतीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. ती बसवू नका. मुलगा प्रेमाने आणतोय, त्याला रागवू नका, पण त्याला हे वाचायला द्या. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचं स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाचं एक मोठं कूळ आहे. 2018-19 पासून ते जगभर घराघरांत शिरलं ते मुख्यतः अशा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. रॅन्समवेअर नुसत्या सी ड्राइव्हवर थांबत नाही, जोडलेल्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या फायलीही बंद करून टाकतं. शिवाय बॅकअपच्या सॉफ्टवेअरला आपण संगणकावरची प्रत्येक फाइल वाचायची मुभा देतो. घराच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या, तो माणूस कुठून आलाय हे तरी माहीत हवं.

मुलाच्या सल्ल्यात निम्मं तथ्य आहे. गावात पाणी आलं तरी गूगलवरची प्रत भिजत नाही. पण ‘मिटलं’ म्हणण्याइतकं ते सोपं नाही. गूगलच्या खात्यात फुकट मिळते ती जागा 15 जीबी आणि तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. ती भरली की ईमेल यायचे थांबतात, आणि तुमचं गिऱ्हाईक मजकूर ईमेलवरच पाठवत असणार. दुसरं म्हणजे संगणकावरचा फोल्डर ड्राइव्हशी ‘सिंक’ केला, तर इथे पुसलं ते तिथेही पुसलं जातं. ट्रॅशमध्ये ते 30 दिवस राहतं. बदललेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्याही साधारण तेवढेच दिवस राहतात. मार्चमध्ये बिघडलेला अहवाल तुम्ही पुढच्या मार्चमध्ये उघडणार, तेव्हा काय? सिंक म्हणजे आरसा. आरशात आत्ताचा चेहरा दिसतो, गेल्या वर्षीचा नाही. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. बॅकअपसाठी म्हणून वेगळं खातं उघडून विसरून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वेळेचा हिशोबही मांडून बघा. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस धरला, तर 380 जीबी चढवायला अखंड साडेतीन दिवस लागतील. वीज आणि नेट मध्ये एकदाही न जाता. पण सगळं चढवायचंय कुणाला?

इथे तुमच्या पत्रातलं आणखी एक गृहीत तपासते. 380 जीबी सगळं वाचवायचं, असं तुम्ही धरून चाललाय. एकदा दुपारी निवांत बसून प्रत्येक फोल्डरवर राइट-क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ बघा आणि आकडे कागदावर लिहा. माझा अंदाज असा की निम्म्याहून जास्त जागा सिनेमे-मालिका आणि खुद्द विंडोजने व्यापलेली असेल. तुमच्या कामाच्या फायली फार तर 10-15 जीबी भरतील. ओव्यांचं गणित करता येतं. सीडीच्या दर्जाने उतरवलेली एका तासाची वेव्ह फाइल साधारण 635 एमबीची असते. म्हणजे तासाभराच्या 40 कॅसेटी जेमतेम 25 जीबी. गेलं तर जगात कुठेच परत न मिळणारं ते एवढंसं आहे. सिनेमा पुन्हा मिळेल.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते सांगते.

ओव्यांच्या 25 जीबीसाठी मुलाला सांगून गूगलची थोडी जागा विकत घ्यायची. फायली तिथे सिंक न करता ब्राउझरमधून एकदाच चढवायच्या. वरच्याच वेगाने साडेपाच-सहा तासांत, म्हणजे एका रात्रीत होईल. ओव्या आता बदलणार नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी इंटरनेटवरची प्रत अगदी योग्य. मुलाच्या सल्ल्याचा उपयोग इथे आहे.

रोजच्या कामासाठी फाइल हिस्टरी. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘बॅकअप’, तिथे ‘ॲड अ ड्राइव्ह’ करून डिस्क निवडायची. पण इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात भले भले पडतात. फाइल हिस्टरी आपणहून फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डर घेते. आपल्याकडे संगणक बसवून देणारा माणूस हटकून सांगतो, ‘सी ला काही ठेवू नका, कामाचं डी ला ठेवा.’ तुम्हीही तसंच केलं असेल, तर तुमचं सगळं काम बॅकअपच्या बाहेर राहील आणि चालू असल्याचं मात्र दिसत राहील. म्हणून ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘ॲड अ फोल्डर’ने डी वरचा प्रत्येक कामाचा फोल्डर हाताने जोडा. मग डिस्क रोज संध्याकाळी तासभर जोडायची आणि काढायची. देवापुढे दिवा लावायच्या वेळेशी सांगड घाला, सवय लागते.

मला ही सोय आवडते ती अशासाठी की ती फायली कुठल्या बंद पेटीत घालत नाही. डिस्कवर ‘फाइलहिस्टरी’ नावाचा फोल्डर उघडा, आत तुमचेच फोल्डर दिसतील आणि प्रत्येक फाइलच्या नावापुढे तारीख-वेळ दिसेल. ती वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते, गोंधळू नका. सकाळी 11 ला साठवलेल्या पत्रिकेपुढे साडेपाचची वेळ लिहिलेली असेल. कुठल्याही विंडोज संगणकाला डिस्क लावली की साध्या कॉपी-पेस्टने ती फाइल परत येते. माझा पहिला प्रश्न इथे सुटतो. दुसराही सुटतो, कारण जुन्या आवृत्त्या राहतात. तिसऱ्या प्रश्नाला ती थोडी कमी पडते, तिच्या सूचना सहज नजरेआड होतात. ती उणीव तुम्हाला स्वतःच्या नजरेने भरून काढायची आहे. महिन्यातून एकदा त्या फोल्डरात जाऊन शेवटची तारीख बघायची.

विकतच्या सॉफ्टवेअरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क घ्या. तिच्यावर कुठलंही सॉफ्टवेअर नको. दर महिन्याला तारखेच्या नावाचा फोल्डर करायचा आणि कामाच्या फायली त्यात साध्या कॉपी करायच्या. ही डिस्क घरात ठेवायची नाही. तुमची बहीण विट्याला असते असं तुम्ही लिहिलंय. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तरी विट्याच्या माळावर महापूर चढला नव्हता. तिच्या कपाटात ती डिस्क ठेवा, जाल तेव्हा आणा-न्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकांच्या तोंडी बसवला. तुमच्या घरी तो असा बसतो.

डीटीपीवाल्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण हे कुठेच कुणी सांगत नाही. तुमच्या जुन्या फायली पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असणार. नवीन संगणकावर फाइल परत आली पण फॉन्ट नाही, तर पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल. फाइल शाबूत, तरी मजकूर गेल्यात जमा. म्हणून फॉन्टचा फोल्डर, प्रोग्रामची मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर आणि लायसन्सचे क्रमांक हेसुद्धा बॅकअपचाच भाग माना. प्रोग्रामला यूएसबीचं लॉक लागत असेल तर ते कुठे ठेवता हे घरात आणखी एकाला माहीत असू द्या. आणि काम पूर्ण झालं की प्रत्येक फाइलची फॉन्टसकट पीडीएफ करून शेजारीच ठेवा. दहा वर्षांनी पेजमेकर उघडो न उघडो, पीडीएफ उघडेल.

हे जुने प्रोग्राम पुन्हा बसवणं जिकिरीचं असतं. त्यासाठी अख्ख्या संगणकाची ‘इमेज’, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामसकट जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवणं तुमच्या बाबतीत उपयोगाचं आहे. त्याला व्हीम एजंट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते बॅकअप झाल्यावर डिस्क आपणहून ‘इजेक्ट’ही करू शकतं. त्यातून रेस्क्यू पेन ड्राइव्ह आधीच बनवून घ्या आणि त्यावरून संगणक सुरू होतो का तेही बघा. तीन-चार महिन्यांतून एकदा इमेज पुरे. मात्र ती दुसऱ्याच बनावटीच्या संगणकावर बिनबोभाट चालेलच असं नाही, त्यामुळे फायलींच्या साध्या प्रतींना ती पर्याय नाही.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा आज ना उद्या संगणक बदलावा लागेल. नवीन विंडोज 11 च्या संगणकांवर डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. ती अडली तर उघडायला लागणारी 48 आकडी रिकव्हरी की पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घ्या. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी फार शोधू नये. 2007 पासून त्यात टाइम मशीन आहे, एक डिस्क जोडून ते चालू करावं आणि वरचे प्रश्न त्यालाही विचारावेत.

आणि हे सगळं लावून झालं की एक दिवस ठरवा. विट्याला जाल तेव्हाच करा, बहिणीच्या घरच्या लॅपटॉपवर. डिस्क लावा आणि पाच गोष्टी उघडून बघा. सगळ्यात जुना प्रबंध, कालची पत्रिका, एक फोटो, एक पीडीएफ आणि एक ओवी. ओवी नुसती सुरू करून बंद करू नका, शेवटपर्यंत ऐका. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला छान वाजते. दर सहा महिन्यांनी हे करा. पासवर्ड, डिस्क कुठे आहेत, गूगलचं खातं कोणतं, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि मिस्टरांना दाखवा. तुम्ही आजारी असताना मुलाने तो कागद वाचून फाइल काढली पाहिजे, इतकं सोपं लिहा.

तुम्ही विचारलंत की आता सगळं संगणकावर आलंय तर त्या कॅसेटी टाकून द्यायच्या का. टाकू नका. मिस्टरांनी उतरवलेली प्रत कितीही चांगली असली तरी मूळ तीच आहे, उद्या कुणी त्याच कॅसेटीतून आणखी स्वच्छ आवाज काढू शकेल. एका बाजूला पूर्ण गुंडाळून घ्या, डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब. प्रत्येकीवर सासूबाईंचं नाव, गाव आणि आठवतं तेवढं साल लिहा. माळा त्यांना एकदा लाभलाय, तिथेच राहू द्या.